धावण्याआधीचा सत्कार

माझी मुलगी फ्लॅग फुटबॉल खेळते. हा अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार, फक्त अंगावर आदळायचं नाही. कमरेच्या पट्ट्याला फिती असतात, कुणी फीत ओढली की धाव तिथेच थांबते. तिच्या टीमला बॉल लांब फेकता येत नाही आणि कुणी फेकलाच तर झेलता येत नाही. येतं ते फक्त बॉल छातीशी धरून पळणं, आणि पळणारी ती. तेवढ्यावर या मुली सीझनच्या शेवटच्या सामन्यापर्यंत आल्या होत्या. जिंकल्या तर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी; हरल्या तर खलास.

सामना शुक्रवारी संध्याकाळी सहाला, शहराबाहेर उम्म सलाल मोहम्मदला. त्याच दिवशी चारला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, अबू हमूरच्या एका हॉलमध्ये इथल्या आखाती मराठी मंडळानं तिचा सत्कार ठेवला. कशाबद्दल? प्लेऑफमध्ये पोहोचल्याबद्दल!

मी अध्यक्षांना फोन केला. "अहो, अजून पोहोचल्या कुठे?"

"इन्शाल्ला पोहोचतील की, वहिनी! आपल्याच मुलीचं कौतुक आहे. पहिलाच कार्यक्रम तिचा, पाच मिनिटांचं काम."

माझा नवरा कमिटीवर. त्यानं मला न विचारता आधीच होकार देऊन टाकला होता.

पाच वाजले तरी प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. मुलगी जर्सी घालून स्टेजवर बसलेली, फिती कमरेला. मी स्टेजजवळ गेले. "शाल द्या आणि सोडा तिला."

"पाहुण्यांशिवाय शाल? बरं दिसतं का ते?" अध्यक्ष म्हणाले.

पाहुणे आले. मग दीपप्रज्वलन, मग त्यांचा परिचय, मग त्यांचं भाषण. खेळामुळे मुलांना वेळेची शिस्त लागते, असं ते सांगू लागले तेव्हा मी सरळ स्टेजवर चढले आणि मुलीचा हात धरला.

"जरा दम धरा की," पहिल्या रांगेतून एक बाई म्हणाल्या.

"धरला होता," मी म्हणाले. नवरा स्वतःच्या चपलांकडे बघत बसला होता.

अध्यक्ष शाल-नारळ घेऊन आमच्यामागे पळत आले, दारात तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि फोटो काढून घेतला.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुसरा हाफ सुरू झालेला. तिच्याशिवाय टीमनं बॉल फेकून बघितला होता आणि समोरच्यांनी तो आरामात झेलला होता.  कोच मुलीला म्हणाली, "यल्ला, गो!" ती पळाली. दोनदा थेट शेवटच्या रेषेपार गेली. तिसऱ्यांदा रेषा हाताच्या अंतरावर असताना फीत ओढली गेली आणि सामना संपल्याची शिट्टी वाजली. हरल्या.

परतताना तिच्या हातात माझा फोन होता. मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला होता: 'प्लेऑफमध्ये धडक! हार्दिक अभिनंदन!' खाली टाळ्यांची रांग.

"मम्मा, टेल देम टू डिलीट इट," ती म्हणाली. 

सिग्नलला गाडी थांबताच मी फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं, "मुली हरल्या. प्लेऑफमध्ये नाहीत. फोटो काढून टाका."

अध्यक्षांचं लगेच उत्तर आलं. "हरकत नाही वहिनी, पुढच्या सीझनचा सत्कार आजच झाला समजा."

मी गाडी वळवली. हॉलमध्ये जेवणं चालू होती. पहिल्या पंगतीत अध्यक्ष आणि पाहुणे, वाढायला माझा नवरा. मी शाल घडी घालून अध्यक्षांच्या पानाशेजारी ठेवली, त्यावर नारळ ठेवला आणि म्हणाले, "फोटो आत्ता, माझ्यासमोर डिलीट करा."

त्यांनी श्रीखंडाचं बोट पुसलं आणि फोटो ग्रुपवरून काढून टाकला.