ज्येष्ठांसाठी दुपारची वेळ

आई गेली त्या हिवाळ्यानंतर बाबा फारसे बोलेनासे झाले. मीही बोलत नव्हतो. प्रताप नगरच्या घरात आम्ही दोघं जेवायचो, ताटं विसळायचो, टीव्ही लावून बसायचो. दुःख होतंय का, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका सकाळी ते म्हणाले, "मी पोहाले जातो."

बाबा पारशिवनीकडचे. पोहायला नदीत शिकलेले. पण नागपुरात नोकरी लागली आणि त्यांची नदी सुटली; मी त्यांना कधी पाण्यात पाहिलं नव्हतं. मी त्यांना महापालिकेच्या तरणतलावावर घेऊन गेलो. खिडकीतल्या माणसाने त्यांचं आधार कार्ड पाहून परत दिलं.

"काकाजी, साठच्या वरचे नाही घेत आम्ही. रिस्क राहते."

"मले पोहता येते."

"येत असंन जी. पण तुमच्यासाठी बगीच्यात विरंगुळा केंद्र आहे ना. पेपर आहे, कॅरम आहे, खुर्च्या आहेत."

"खुर्ची घरी आहे," बाबा म्हणाले.

मी महापालिकेच्या झोन ऑफिसात खेटे घातले. राग आला म्हणून नव्हे. लाइट बिल भरावं तसं, एक काम म्हणून. शेवटी साहेबांनी ज्येष्ठांसाठी वेगळी वेळ मंजूर केली. दुपारी एक ते दोन. बाकी वेळा भरलेल्या होत्या.

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी एकला रस्त्यावर कुत्रंही नसतं. बाबा डोक्याला दुपट्टा बांधून आले. तलावात दुसरं कोणी नव्हतं. जीवरक्षक शेडखाली मोबाइल बघत होता. बाबा एकदा पलीकडे जाऊन परत आले आणि बाहेर निघाले.

परतताना ऑटोत मी विचारलं, "कसं होतं पाणी?"

"गरम." मग दुपट्टा सोडत म्हणाले, "मले वेगळं काहून ठेवून राहिले गा? म्या कुठं वेगळं मांगितलं होतं?"

मी ऑटोवाल्याला घराकडचं वळण दाखवलं.

पुढे कोणी येत नाही म्हणून ती वेळ बंद झाली. तेव्हा बाबा स्वतःच तलावावर गेले, मी मागे. खिडकीशी न थांबता ते सरळ तिथल्या पोहण्याच्या प्रशिक्षकासमोर उभे राहिले. "मले पोहताना पाहून घे, मंग नाही म्हण," म्हणाले. त्याने पाहिलं. मग तो माझ्याकडे वळला.

"सकाळच्या बॅचला येऊ द्या. पण घरचं माणूस सोबत पाण्यात पाहिजे. तुम्हाला येतं?"

"नाही."

"मग उथळ बाजूला उभे राहा."

तेव्हापासून सकाळी मी छातीभर पाण्यात उभा असतो. आजूबाजूला कॉलेजची पोरं, ऑफिसला जाणारी माणसं, पाय आपटत शिकणारी शाळकरी मुलं. बाबा त्यांच्यातून वाट काढत जातात. कोणी त्यांच्याकडे बघत नाही, आणि ते त्यांना बरं वाटत असावं. मला गार वाटतं, एवढंच.

परवा ते माझ्यापाशी थांबले. मी कडेचा दांडा धरून होतो.

"सोड तो."

"बुडीन ना."

"बुडशीन. मंग वर येशीन."

मी हात सोडला. खाली गेलो. कानात पाणी भरलं, सगळे आवाज बंद झाले. वर आलो तेव्हा खोकत होतो, नाकात झोंबत होतं. बाबा पलीकडच्या टोकाला पोहोचत आले होते.