मागच्या चाकांतला धूर

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं, मग नाकात ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास येतो. श्रीवर्धनजवळच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. "निनावी खबर आहे, साहेब."

"मी कोन ते इचारू नका," पलीकडून बाईचा आवाज आला. मागे मासळीच्या लिलावाचा गलका. "पन माज्या सुनेच्या गाडीचे बिरेक कोनतरी बिघडवतंय. घाटात पोरीचा जीव जाईल."

इतकी प्रामाणिक निनावी खबर मला पुन्हा मिळाली नाही. बंदरावर पिकअप चालवणारी सून एकच होती. तिचा नवरा बोटीवर. ती माणगावला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून परवाना काढून आली आणि घरच्या जुन्या पिकअपमधून मासळी माणगावच्या बाजारात नेऊ लागली. आधी हे काम धाकट्या दिराचं होतं. ती चालवायला लागली की घाटात मागच्या चाकांतून धूर येई. गॅरेजवाल्याने लायनर बदलले, ब्रेकचे सिलिंडर बदलले. दर दुरुस्तीनंतर दिराने गाडी नेली की सगळं ठीक, तिने नेली की पुन्हा धूर. आता पुन्हा धूर आला तर चावी दिराकडे, असं घरात ठरलं होतं.

ब्रेकशी छेडछाड ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. हेतू तर सरळ दिराकडे बोट दाखवत होता. पण आईच्या खबरीवरून मुलावर गुन्हा दाखल केला असता तर त्या घरात एक चूल राहिली नसती. मी डायरीला नोंद केली आणि दोघांना गाडीसकट बोलावलं.

सून बंदरावरून मासळी भरूनच आली. दीर मागून मोटरसायकलवर, गाल फुगवून.

"रात्री गाडीखाली कोण जातं?" मी त्याला दरडावलं.

"कुत्रा जातो, सायब. थंडावा असतो तिथं."

गुन्हा केलेला माणूस एकतर घाबरतो, नाहीतर फार गोड बोलतो. हा नुसता रुसला होता. "वैनीचा पाय सारखा बिरेकवर असतो," तो म्हणाला. "सांगितलं तर कोनाला पटत न्हाय."

"घाट उतरताना मी दुसऱ्या गेरात असते, सायब," सून म्हणाली. तिचे डोळे खाली नव्हते. "गाडी चढावरपन जड लागते. ओढतच न्हाय. चढावर कोन बिरेक दाबेल?"

मुद्दा बिनतोड होता. मी हवालदाराला तांब्याभर पाणी आणायला सांगितलं. पुढच्या दोन्ही चाकांवर शिंपडलं, पाणी मुकाट ओघळलं. मागच्या दोन्हींवर शिंपडलं, तर चुर्र झालं आणि वाफ निघाली. पाय ब्रेकवर राहिला असता तर पुढची चाकंही अशीच तापली असती. हे दिरालाही कळलं.

मग मी म्हटलं, रोज गाडी उभी करता तशी इथे करून दाखवा. ठाण्याचं आवार फाटकाकडे उतरतं होतं. दिराने गाडी गिअरमध्ये घातली, उडी मारली आणि चाकाखाली दगड सरकवला. बंदरावरचे सगळे असंच करतात. सुनेने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं होतं तसा हँडब्रेक जीव लावून वर ओढला.

"तू हँडब्रेक ओढत नाहीस?" मी दिराला विचारलं.

"तो कोन ओढतो, सायब? आमच्या घरात कोनी हातच लावला न्हाय त्याला."

तिथेच आरोपी सापडला. मागच्या हौद्यातून बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं हँडब्रेकच्या केबलवर गळत होतं. केबल आतून गंजली होती. ओढली की येई, पण दांडी खाली केली तरी परत जात नसे, आणि मागचे ब्रेक तसेच आवळलेले राहत. गॅरेजमध्ये चाकं उघडली की ते सैल होत. त्या सैल गाडीवर दीर फुशारकी मारी, आणि वहिनी नियमाप्रमाणे पुन्हा हँडब्रेक ओढी.

खात्रीसाठी आम्ही पुढच्या चाकांना दगड लावले, गिअर काढला, हँडब्रेकची दांडी खाली केली आणि मागची चाकं जॅकवर उचलली. हाताने हलेनात. दीर स्वतः खाली शिरला, पकडीने केबल सोडवली, आणि बोटाच्या धक्क्याने चाक गरगर फिरलं. सून मोठ्याने हसली. मलाही फार बरं वाटलं.

चावी माझ्या ताब्यात होती. "कुणाला देऊ?"

"बर्फ वितळतोय, सायब," ग्रीसने माखलेला दीर म्हणाला. "वैनीला द्या."

आम्हा पोलिसांना आधी वैर शोधायची खोड असते. त्या दिवसानंतर कुठल्याही घरगुती भांडणात मी वैर विचारण्याआधी लोकांना त्यांचं रोजचं काम करून दाखवायला लावलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि एकमेकांना चोर समजतात, हे मी नंतर अनेकदा पाहिलं.

तेव्हा मात्र जीप घेऊन मी त्यांच्या मागे घाटापर्यंत गेलो. दीर वहिनीशेजारी बसला होता. घाटमाथ्यावर गाडी थांबली. तो उतरला, मागच्या चाकापाशी वाकला आणि त्याने ब्रेकच्या ड्रमवर सबंध तळहात टेकवला. बराच वेळ हात उचलला नाही.

"थंड हाय, वैनी," तो म्हणाला. "चला, बाजार उठंल."