मैदानातली एक फेरी

लोकांचं काम विचारून लिहायचं नाही, स्वतः करून लिहायचं, ही माझी जुनी खोड. बिद्रीला उसाच्या मोळ्या वाहिल्या, शिरोळला ट्रॅक्टर चिखलात घातला. भीती सगळीकडेच वाटली. पण नको झालं की बाजूला होता यायचं, पाहुणाच होतो मी.

मग कोल्हापुरातल्या एका तालमीत जाऊ लागलो. तिथे ओट्यावर एक माणूस बसलेला असायचा. कुस्तीत मानेवर पडल्यापासून त्याचे हात लुळे झाले होते, बायको त्याला चहा पाजायची. त्याच्याकडे बघायचं मी टाळत असे.

एकदा आमचे वस्ताद मला गावच्या मैदानात घेऊन गेले. लंगोट लावून आखाड्याला नुसती एक फेरी मारा, म्हणाले. फेरी मारणारा जोड शोधत असतो. कुणी हात पुढे केला आणि आपण तो धरला, की कुस्ती ठरली. मला हे पक्कं माहीत होतं. तरीही एका दांडग्या पैलवानाने हसून हात पुढे केला आणि मी, जन्मभर मुलाखती घेत म्हातारा झालेला माणूस, तो हातात घेतला. वर “बरं वाटलं भेटून” असंही म्हणालो.

हलगी कडाडली. मी वस्तादांकडे धावलो.

“वस्ताद, चुकून झालं. सांगा की त्याला.”

“हात दिलासा न्हवं? आता न्हाय म्हटलं तर तालमीचं नाव जातंय.”

“माझी मान मोडेल हो.”

“जावा, पाठ टेका, आन् या भाईर.”

सोपं होतं. हरायला माझी काहीच हरकत नव्हती. पण त्याने कंबरेत हात घालून मला उचललं, पायाखालची माती गेली आणि मी पार गोठलो. खाली आलो तो डोक्यावर. पाठ अधांतरी, सगळा भार मानेवर, वर तो. लोक ओरडू लागले, त्यांना वाटलं म्हातारा झुंजतोय.

“सोडा की मान, पावणं,” तो कानाशी म्हणाला. “मोडंल.”

मला सोडायचीच होती. पण भीतीने ती अशी ताठली होती की माझं ऐकेना. मला रडू फुटलं. ते फक्त त्याला दिसलं असणार, कारण त्याने जोर काढून घेतला, आपला पंजा माझ्या मानेखाली सरकवला, आणि मगच मला हळूच पाडलं.