फलकावरची यादी

तेव्हा मी अमरावतीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. घर अकोल्याला, शनिवारी जायचं, सोमवारी परत यायचं. कॉलेजात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं शिबिर भरलं. मुली सुईला घाबरत होत्या, म्हणून आधी मीच हात पुढे केला.

पंधरा दिवसांनी निकाल आले. शिक्षकांचे बंद पाकिटांत, मुलांचे एका लांबलचक यादीत. प्रत्येक नावापुढे ‘सामान्य’, ‘वाहक’ किंवा ‘रुग्ण’. एवढ्या मुलांना एकेक करून कोण सांगत बसणार? परीक्षेचे निकाल लावतो तशी मी ती फलकावर लावली. माझ्या पाकिटात ‘वाहक’ निघालं. पाकीट पर्समध्ये गेलं. माझ्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं. घरी मी कुणालाच काही बोलले नाही.

दुसऱ्या वर्षातल्या एका हुशार मुलीच्या नावापुढेही ‘वाहक’ होतं. ती यायचीच बंद झाली. मैत्रिणीकडून कळलं, कुणीतरी यादीचा फोटो काढून गावाकडे पाठवला आणि ठरलेलं लग्न मोडलं. तिचं नव्हे, तिच्या थोरल्या बहिणीचं. बहिणीची तर तपासणीही झाली नव्हती.

पुढच्या शनिवारी मी मूर्तिजापूरला उतरून त्यांच्या गावी गेले. तिचे वडील शिलाई मशीनवर बसले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग विचारलं, “मॅडम, यादी लावली काहून? पोरीले बलावून सांगता आलं नसतं?”

“वाहक म्हणजे आजारी नाही हो. तिला काहीही झालेलं नाही.”

“ते मले पोरीनं समजावून सांगतलं. मी तुमाले दुसरंच इचारून राहिलो.”

मग दारात थोरल्या बहिणीशेजारी उभ्या मुलीनं विचारलं, “मॅडम, तुमचं काय आलं होतं?”

“वाहक,” मी म्हणाले. हा शब्द मी स्वतःबद्दल पहिल्यांदाच उच्चारत होते.

“पण तुमचं नाव नव्हतं यादीत.”

“नव्हतं.”

मी त्या तिघांची माफी मागितली. वडिलांनी मान हलवली; माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत. मुलगी दिवाळीनंतर कॉलेजात परत आली, पण मागच्या बाकावर बसू लागली. बहिणीचं पुढे दुसरीकडे जमलं. तिनं तपासणी केली की नाही, मी विचारलं नाही.

त्यांच्या गावी गेले त्याच संध्याकाळी अकोल्याला पोचल्यावर मी नवऱ्याला आणि मुलीला पाकीट दाखवलं. नवरा म्हणाला, “त्यात काय एवढं! पण बाहेर कुठं बोलू नका.”

मुलीनं कागद दोनदा वाचला. ती चिडली होती. “दोन महिने तू हे पर्समध्ये घेऊन फिरतेस? आई, हे माझ्याही रक्तातलं असू शकतं ना? मी तपासून घेईन. आणि कुणाला सांगायचं, ते मी ठरवीन.”

तिनं तपासणी केली. निकाल तिनं आम्हाला सांगितला. इथे मी तो लिहीत नाही.