फाटकाकडे तोंड

लेकीचं लग्न अचलपूरजवळच्या आमराईत होतं. मांडववाल्यानं बैलगाडीचा सोफा केला, कापसाच्या गाठींवर सतरंज्या टाकून बैठका केल्या. म्हाताऱ्यांच्या बाजा मात्र स्टेजकडे पाठ करून मांडल्या! प्रत्येक बाजेवर स्वतः बसून, फाटक दिसतं का ते तो बघत होता. मी भडकलो.

पान चघळत तो म्हणाला, "भाऊ, बुढ्या मानसायले नवरदेव नाई पाहा लागत. कोन कोन आलं, ते पाहा लागते."

खरंच, येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिथेच वाकला. गुडघे गेलेले माझे वडील नावानिशी हाका मारत होते.

पाठवणीला सगळे फाटकाकडे धावले. वडिलांना धावायची गरजच नव्हती. नात चालत थेट त्यांच्यासमोर आली.