माहितगार ‘क’ यांचे तर्पण

ज्याने माणसाला वाणी दिली आणि ती कोणाकडून मिळाली हे लक्षात ठेवण्याची बुद्धीही दिली, त्या परमेश्वरास वंदन करून आज श्रावणीच्या दिवशी, जुने जानवे विसर्जित करून नवे धारण केल्यावर, मी हे लिहावयास बसलो आहे. निपाणीस राहिलेल्या माझ्या आप्तेष्टांनी, आणि माझ्याप्रमाणेच आपले देव डब्यात घालून परगावी गेलेल्यांनी, हे सावकाश वाचावे. सकाळी तर्पणाच्या वेळी जे घडले त्याची वार्ता तुमच्याकडे विपर्यस्त होऊन येईलच. त्याआधी ती मूळ मुखातून आलेली बरी.

निपाणी सोडली ती वैशाखातल्या एका सकाळी. पत्नी निवर्तली होती, पाठशाळेत विद्यार्थी उरले नव्हते, आणि विश्वस्तांनी अध्ययनाच्या दालनाचे मंगल कार्यालय करण्याचा ठराव मोठ्या उत्साहाने संमत केला होता. मुलगा बेंगळुरूहून गाडी घेऊन आला. देवांचा पितळी डबा मी मांडीवर घेतला. निघण्यापूर्वी दालनाच्या उंबऱ्याला हात लावावा म्हणून उतरलो, तर आत एक तरुण ध्वनिक्षेपकात “हॅलो, हॅलो, चेक, चेक” असे अत्यंत तन्मयतेने म्हणत होता. ज्या भिंतींनी पिढ्यानुपिढ्या संहितापठण ऐकले, त्यांना आता हा नवा मंत्र मिळाला होता. त्याचा ऋषी मात्र कोणी सांगू शकले नसते.

माझे वडील त्याच दालनात शिकवीत. मंत्र म्हणण्यापूर्वी त्याचा ऋषी, छंद आणि देवता यांचा उच्चार करावयाचा असतो. घाईत कोणी तो गाळला की वडील पठण थांबवीत आणि म्हणत, “अरे, तू टपाल वाटणारा. पत्र कुणी धाडलंय ते आधी सांग, मग वाच.” हे एक वाक्य मी गावाहून सोबत आणले. बाकीचे बरेचसे सामान मुलाने ‘जागा नाही’ म्हणून तिथेच ठेवविले.

चामराजपेटेत आम्ही भीमाअक्कांच्या घरी भाड्याने राहतो. त्यांचे घराणे मूळचे बेळगावकडचे, तीन पिढ्या इथे स्थिरावलेले. पुढच्या खोलीत अक्कांचा लग्नपत्रिकांचा छापखाना, मागे आम्ही, आणि माडीवर एक खोली. “गुरुजी, स्वल्प सरका की, कागद आत घ्यायचाय,” असली त्यांची मराठी ऐकून पहिला महिनाभर मी मनातल्या मनात प्रायश्चित्त घेत असे. आता रिक्षावाल्याला मीही ‘बरं’ऐवजी ‘सरी’ म्हणतो. अक्कांच्या भाषेविषयीचा माझा तिरस्कार मी परत घेतला आहे. तो खर्च करण्यास अधिक योग्य स्थळे मला पुढे मिळाली.

माडीवर गलगलो राहावयास आला. इथिओपियाच्या दक्षिणेकडचा हा तरुण ओरोमो लोकांपैकी, त्यांतल्या बोराना शाखेचा. त्यांच्यात जन्मवेळेवरून नाव ठेवतात. हा दिवस कलताना जन्मला म्हणून गलगलो. इथल्या विद्यापीठात तो आपल्या लोकांच्या इतिहासावर प्रबंध लिहीत होता. त्याआधी खोलीसाठी कोरमंगलात त्याने पुष्कळ जिने चढून पाहिले होते. पुण्याहून आलेले आमचे एक स्नेही आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात विश्वबंधुत्वाचे एक संस्कृत वचन काचेत बसवलेले आहे. त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवले. कारण विचारता म्हणाले, “काका, सोसायटीचा रूल आहे, आपण काय करणार?” ती काच ते आठवड्यातून एकदा पुसून घेतात.

अक्कांनी त्याला एकच प्रश्न विचारला, “मटण शिजवशील का रे?” तो इथे शिकलेल्या मोडक्या कन्नडात म्हणाला, “अक्का, मी भात शिजवायलाही आळशी आहे.” खोली मिळाली. परंतु आठच दिवसांत माडीवरून धूर आला आणि अक्का ओरडत जिना चढून त्याच्या दारात गेल्या. “अय्यो, काय भाजतोस बाबा? माझं घर?”

“कॉफी, अक्का. दाणे. कॉफी मूळची आमच्याकडचीच.”

“तुमच्याकडची? काफी चिकमगळूरची! मला शिकवतोय!”

तथापि त्या खाली गेल्या नाहीत. वाटी पुढे करून उभ्या राहिल्या.

त्या कॉफीच्या निमित्ताने संध्याकाळी मी माडीवर बसू लागलो. तो फोनवरून आपल्या वडीलधाऱ्यांच्या मुलाखती ऐकवी आणि मला इंग्रजीत अर्थ सांगे. त्यांच्यात गदा नावाची प्राचीन व्यवस्था आहे. दर आठ वर्षांनी सत्ता एका गटाकडून दुसऱ्याकडे विधिपूर्वक सोपवतात, आणि कोणाच्या कारकिर्दीत दुष्काळ पडला, कोणाच्या काळी विहीर खणली, हे सगळे म्हाताऱ्यांना मुखोद्गत असते. सर्वांत मोठा जाणता गलगलोचा चुलता गुयो. त्यानेच याला वाढवलेले. गलगलो हसत सांगे, “सर, फोनची बॅटरी संपत आली, आणि काका अजून पणजोबांच्या पणजोबांपाशीच!” मी कोणाचा, माझा बाप कोणाचा, हे मी कोणाकडून ऐकले, एवढे सांगितल्यावाचून तो वृद्ध पहिले वाक्यही बोलत नसे. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. मी जणू आमच्या दालनातच बसलो होतो.

गलगलो भारतात यावयास निघाला तेव्हा गुयो त्याला म्हणाला होता, “आमची नावं घेऊन सांग. नाव न घेता सांगितलंस, तर लोकांना वाटेल तुला रात्री स्वप्न पडलं.”

आता त्या स्थळांकडे वळतो, जिथे माझा तिरस्कार मी मुक्तहस्ताने खर्च केला. माझी सून मृणाल कोरमंगलातल्या एका कंपनीत आहे. विलायतेतल्या विद्वत्प्रकाशनांची हस्तलिखिते तिथे येतात. त्यांची तपासणी, जुळणी, सूची इथली मुले करतात, आणि ग्रंथावर नाव विलायतेचे लागते. तिनेच गलगलोला एक प्रकाशन सुचवले. त्याच्या गावाकडच्या विद्यापीठाने अध्यापकाची जागा देऊ केली होती. अट एवढीच, की ‘मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय प्रकाशना’चा ग्रंथ हवा. प्रकाशनाने हस्तलिखित स्वीकारले. चामराजपेटेच्या माडीवर लिहिलेला मजकूर समुद्रापलीकडे जाऊन पुन्हा कोरमंगलात, मृणालच्याच टेबलावर, कापाकापीसाठी आला.

एका रविवारी तिने आम्हा दोघांना बसवून सूचना वाचून दाखवल्या. ग्रंथाच्या आरंभी गुयोने दिलेला आशीर्वाद होता, कारण त्यांच्यात वडीलधाऱ्याच्या आशीर्वचनावाचून कोणतेच कार्य सुरू होत नाही. त्यावर शेरा, ‘भावनिक मजकूर, वगळावा.’ आणि ज्या दहा-बारा वृद्धांनी हा इतिहास सांगितला, त्यांची नावे सर्वत्र काढून तिथे ‘माहितगार अ’, ‘माहितगार ब’ असे घालावे.

“म्हणजे काका कोण झाले?” गलगलोने विचारले.

मृणालने कागद पाहिला. “माहितगार क.”

“का म्हणून?” मी विचारले.

“अप्पा, त्यांच्या सुरक्षिततेसाठी असतं ते. शिवाय हाऊस स्टाइल आहे त्यांची.”

ही सुरक्षितता मी समजून घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. बोलल्यापायी जिवाला धोका असेल, तिथे नाव झाकणे हे रक्षण, हे मलाही कळते. परंतु ज्या माणसाने आपले नाव सांगण्यात अर्धी दुपार घालवली, आपल्या विहिरींचा आणि पूर्वजांचा वृत्तांत दिला, त्याचे हे कोणापासून रक्षण करणार होते? गलगलोने सगळ्यांची संमती ध्वनिमुद्रित करून पाठवली. उत्तर आले की संमती विहित नमुन्यात नाही. आणि त्याच ग्रंथाच्या तळटिपांत, जे गोरे पंडित शंभर-दीडशे वर्षांपूर्वी त्या प्रदेशातून खेचरावर बसून गेले, ज्यांनी या लोकांना ज्या नावाने संबोधले त्याला हे लोक आजही शिवी समजतात, त्यांची नावे, आद्याक्षरे, प्रकाशनवर्षे, सगळे अभंग राखलेले. मांडी घालून सांगणारा ‘क’ आणि खुर्चीत बसून उतरवणारा नाव-आडनावासकट! याला म्हणे विद्वत्ता म्हणतात. आमच्या पाठशाळेतले सगळ्यात मंद पोरही यापेक्षा अधिक शुद्धीवर असे. हाऊस स्टाइल म्हणजे घराची रीत, असे मृणालने मला समजावले. वडीलधाऱ्यांची नावे पुसण्याची रीत ज्या घरात आहे, त्याला घर म्हणण्याचे औदार्य माझ्यापाशी नाही.

मृणालचेही चुकत होते असे नाही. जिन्यात ती मला दबक्या आवाजात म्हणाली, “अप्पा, एक होकार दिला की त्याची नोकरी पक्की. त्या म्हाताऱ्यांपैकी कोण हे पुस्तक वाचणारे? त्याला समजवा ना तुम्ही.” पुस्तकाची किंमतही तिने सांगितली. त्या किमतीत त्या म्हाताऱ्यांपैकी कोणी ते खरोखरच वाचणार नव्हता.

रात्रीचे जेवण झाल्यावर गलगलोनेच विचारले, “सर, तुम्ही काय केलं असतं?” मी वडिलांचे वाक्य तेवढे सांगितले, टपाल वाटणाऱ्याचे. दुसऱ्या दिवशी त्याने हस्तलिखित परत मागितले.

पुढची कथा भीमाअक्कांची. जिना चढता-उतरता त्यांना सगळे कळले होतेच. त्या मला म्हणाल्या, “काय हो गुरुजी, पत्रिकेत एका मामाचं नाव राहिलं तर माझ्या दारात भांडण येतं. इथं सगळेच मामा गाळले? आणि पुन्हा शिकलेले?” आणि गलगलोला, “आण इकडं. मी छापते. इंग्लिश मला वाचता येत नाही, ते बरंच आहे. कापणार नाही.”

पहिल्या पानाची जुळणी करताना त्या अडल्या. “इथं गणपती घालू?”

“अक्का, आमच्यात गणपती नाही.”

“मग काय, पान मोकळं ठेवू? तसं कुणी छापतं का?”

तेव्हा गलगलोने गुयोचा आशीर्वाद त्या जागी दिला, आणि तो कसा म्हणतात हेही दाखवले. वडील एक ओळ म्हणतात, बसलेले सगळे ‘हा ताऊ’ म्हणतात, म्हणजे ‘असे होवो’. विहिरीला पाणी राहो, हा ताऊ. गाईमागे वासरू राहो, हा ताऊ. छापखान्यात शाईने हात माखलेल्या अक्का मोठ्याने ‘हा ताऊ’ म्हणाल्या, आणि मुद्रिते तपासायला बसलेली मृणालही म्हणाली. मुखपृष्ठासाठी शिल्लक कागद लग्नपत्रिकांचाच होता. त्यामुळे बोरानांच्या इतिहासाला चारही बाजूंनी सोनेरी आंब्याच्या पानांचे तोरण आणि दोन कोपऱ्यांत कलश आले. गलगलो ते पाहून इतका हसला की त्याला खाली बसावे लागले. बदलू मात्र दिले नाही.

प्रबंधाची पदवी घेऊन, पेटी पुस्तकांनी भरून, तो मायदेशी परतला. विद्यापीठाच्या समितीने कळवले की ‘स्थानिक मुद्रणालयातील प्रकाशन गणनेस पात्र नाही.’ त्या समितीतले निम्मे विद्वान गुयोच्या भाषेत लहानाचे मोठे झाले असतील. त्यांनाही आपल्या आजोबांचे नाव पटण्यास परदेशी शिक्का लागतो. आम्हाला हे नवे नाही. आपल्याकडचे कितीतरी पंडित स्वतःच्या ग्रंथांची थोरवी परदेशी प्रस्तावनेत वाचूनच ओळखू लागले. गलगलो आता एका लहान गावच्या शाळेत शिकवतो.

तिथून त्याने मला कळवले की पुस्तक झाडाखाली बसून सगळ्यांना वाचून दाखवले. गुयोचे नाव आले तेव्हा म्हातारा म्हणाला, “मोठ्यानं वाच. मागच्यांना ऐकू गेलं नाही.” आणि गेल्या महिन्यात कळवले, गुयो गेला.

आज सकाळी आमच्या मंडळींनी भाड्याच्या सभागृहात सामूहिक श्रावणी ठेवली होती. तिचे ‘पॅकेज’ होते. जानवे, पंचगव्य आणि उपाहार एकत्र. पुरोहित ध्वनिक्षेपकातून ऋषींची नावे ज्या वेगाने म्हणत होते, तो पाहता तेही लवकरच माहितगार अ आणि ब होणार, याविषयी शंका उरली नाही. निपाणीचे ते “चेक, चेक” मला आठवले. तर्पणाच्या अखेरीस ‘आणि जे अन्य आचार्य असतील ते सर्व तृप्त होवोत’ असे म्हणावयाचे असतेच. तिथे मी सावकाश, सर्वांना ऐकू जाईल असे, गुयोचे नाव घेऊन पाणी सोडले.

पुरोहित थांबले. “शास्त्रीबुवा, हे कोणत्या शाखेचे?”

“बोराना शाखेचे.”

“ऐकली नाही कधी.”

“छापली आहे. चामराजपेटेत मिळते.”

कोणी हसले, कोणी फोनवर चित्रण केले. ते तुमच्यापर्यंत आले असेल, आणि शास्त्री दक्षिणेत जाऊन भ्रष्ट झाला असे ठरलेही असेल. ठरू द्यावे. ‘अन्य’ या शब्दात ज्यांना जागा होती, त्यांतल्या एकाचे नाव मी घेतले, याहून अधिक काही केले नाही.

निपाणीचे ते दालन आता माझे घर नाही. तिथे वडिलांचे नाव कोणी घेत नाही. हे मागचे दोन खणही भाड्याचेच आहेत. परंतु तिकडे दूर एका शाळेत गलगलो मुलांना टपाल वाटणाऱ्याची गोष्ट सांगतो आणि म्हणतो, ही मी निपाणीच्या शास्त्र्याकडून ऐकली, त्याने आपल्या वडिलांकडून. माझे घर आता तिथे आहे. मी ते पाहिलेले नाही, पाहणारही नाही.

वाचकहो, तुमच्या विहिरीला पाणी राहो. तुमच्या लेकरांना सांगणारे राहोत, आणि सांगणाऱ्यांची नावे लेकरांच्या मुखी राहोत. तुमच्या घरात कोणीही ‘क’ न होवो. जिथे असाल तिथून मोठ्याने म्हणा, मागच्यांना ऐकू जाईल असे: हा ताऊ.