फोनने दिलेला अंगठा

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार. रक्कम दोन लाख चाळीस हजार रुपये: लग्नाच्या जेवणाची सहाशे पानं, पानामागे चारशे. जागा आमचं अमरावतीचं घर. हजर अकोल्याहून आलेले व्याही, माझी बायको, मुलगी आणि मी.

लग्नाच्या जेवणाचा खर्च अर्धा-अर्धा, असं आधीच ठरलं होतं. त्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी व्याह्यांनी दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, की जेवणाचा पूर्ण खर्च मुलीकडच्यांकडे असावा, ते शोभून दिसतं. कुणाला, ते लिहिलं नव्हतं. माझा फोन चार्जिंगला होता. मजकूर पुन्हा वाचायला मी त्यावर बोट ठेवलं आणि खाली आपोआप अंगठा उमटला. तो काढेपर्यंत अकरा नातेवाइकांनी हात जोडले होते. माझ्यावर एक लाख वीस हजारांचा बोजा वाढला होता.

"अंगठा देल्ला ना इवाईबुवा? मंग आता काहून मागं सरकता?" रविवारी आल्याआल्या व्याह्यांनी विचारलं.

"मी नाही, माह्या फोननं देल्ला."

"एवढा हुशार फोन, अन् सही सोडून अंगठाच देते?"

मुलगी पुण्यात चार्जर तपासायचंच काम करते. तिने विचारलं, "बाबा, चार्जर कोणता होता?"

"बसस्टँडवरचा. ऐंशीचा."

"शंभरचा होता," बायको म्हणाली. "यायनं घासाघीस करून वीस कमी केले. त्यानं वीसचं सामान काढून घेतलं असन."

मुलीने तोच चार्जर आणला आणि व्याह्यांना म्हणाली, "काका, तुमचा फोन लावा. तुमच्याच मजकुरावर बोट ठेवा."

व्याह्यांनी बोट ठेवलं. पडदा थरथरला, आणि त्यांच्या मागणीखाली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा उमटला. त्यांच्याच नावाने, सगळ्या नातेवाइकांसमोर.

"अबे! म्या कुठी दाबलं?" व्याही ओरडले.

मुलीने सांगितलं ते असं. चार्जरमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. त्या धांदलीतला गोंधळ केबलच्या दोन्ही तारांवरून जोडीने, एकाच दिशेने फोनमध्ये शिरतो. बोट टेकलं, की त्याला आपल्या अंगातून जमिनीची वाट मिळते, आणि पडदा त्यालाच दुसरं बोट समजतो. चांगल्या चार्जरमध्ये भिंतीकडची आणि फोनकडची अशा दोन बाजूंना जोडणारा एक लहानसा कपॅसिटर असतो. तो हा गोंधळ आतल्या आत माघारी वळवतो. नंतर तिने चार्जर काढून उघडला, तर त्या कपॅसिटरची जागा छापलेली होती आणि कपॅसिटर नव्हता. घर बांधून न्हाणीघराची नुसती खूण करून ठेवावी, तसं.

तिने चार्जरचं झाकण पुन्हा बसवलं आणि बॅगेतलं फेराइटचं काळं कडं काढून केबलचे तीन वेढे त्यातून घेतले. दोन्ही तारा एकत्र कड्यातून गेल्या, की जोडीने येणारा गोंधळ अडतो, चार्जिंग अडत नाही. चार्जर पुन्हा व्याह्यांच्या फोनला लावला, तर पडद्याची थरथर बरीच कमी झाली, पूर्ण थांबली नाही.

व्याही आपल्या मजकुराखालचा हसरा चेहरा काढून टाकत होते. ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, 'भाऊ, गंमत होती काय?'

"लिहा, हो म्हणून," माझी बायको म्हणाली. "चाय थंडी होऊन राहिली."

व्याह्यांनी आधी फोनचा चार्जर काढला, मग 'गंमतच होती, अर्धा-अर्धा' असं लिहिलं.

केटररला एक लाख वीस हजार मी दिले. एक लाख वीस हजार व्याह्यांनी दिले, चेकने.